बोस्टनचे रिकामे खाते

ब्रह्मपुरीत वाघ म्हटले की धानाच्या बांधीकडे निघालेला माणूस आधी आजूबाजूला पाहतो. संगणकाच्या जगात मात्र 'टायगर' हा वर्षानुवर्षे एक निरुपद्रवी पासवर्ड होता. ओरॅकलच्या पहिल्या काही कर्मचाऱ्यांपैकी ब्रूस स्कॉट यांच्या घरच्या मांजरीचे हे नाव. 'स्कॉट' आणि 'टायगर' लिहून आत गेले की सरावाचे दोन प्रमुख तक्ते मिळत. एकात १४ कर्मचारी, दुसऱ्यात ४ खाती.

या १४ ओळींनी जगभरच्या विद्यार्थ्यांना डेटाबेस शिकवला, तो त्यांतील रिकाम्या जागांच्या बळावर. किंग हा अध्यक्ष, म्हणून त्याच्या वरिष्ठाचा रकाना रिकामा. टर्नरचे कमिशन शून्य, तर स्मिथच्या कमिशनची नोंदच नाही. शून्य असणे आणि नोंद नसणे यांतला फरक तिथेच कळतो. बोस्टनच्या खात्यात एकही माणूस नाही. दोन तक्ते साध्या पद्धतीने जोडले की ते खाते उत्तरातून गायब होते. एडगर कॉड यांनी १९७० च्या मूळ निबंधात पुरवठादार, सुटे भाग आणि प्रकल्प ही उदाहरणे घेतली होती. पुढे ख्रिस डेट यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकातही अथेन्सचा अ‍ॅडम्स हा पुरवठादार काहीच पुरवत नाही.

पण प्रत्येक नमुना आपल्या गावाची मापे घेऊन येतो. खात्याच्या ठिकाणासाठी त्या तक्त्यात १३ बाइट राखलेले आहेत. 'न्यूयॉर्क' रोमन अक्षरांत ८ बाइटांत बसते. 'ब्रह्मपुरी'त मात्र १० चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे झाले ३०. तक्ता ही नोंद नाकारतो. मग विद्यार्थी समजतो की गावाचे नाव रोमन लिपीतच लिहायचे असते. चूक रकान्याच्या मापाची, शिक्षा मात्र गावाच्या नावाला.

आपल्याकडचा नमुना घ्यायचा तर वैनगंगेपलीकडचे आरमोरी घ्यावे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी आरमोरीचा जिल्हा चंद्रपूर, त्यानंतर गडचिरोली. एका गावासमोर एकच जिल्हा लिहिणारा तक्ता जुन्या सातबाऱ्यापुढे खोटा ठरतो. 'केव्हापासून' हा रकाना लागतोच. या उदाहरणात कुणाचे खासगी नाव नाही, पगार नाही. ओळी दोनच, पण उद्या तहसील कार्यालयाची प्रणाली लिहिणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.