बारमाही गुलाबाची पूर्वपीठिका

गुलाब हे मोगल बादशहांनी हिंदुस्थानास दिलेले लेणे होय, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. ‘गुलाब’ हा शब्द फारसी असल्याने या समजाला बळकटी येते. कारण त्या भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. मूळ शब्द फुलाचा नसून गुलाबपाण्याचा, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. घरच्या आळ्यात आज आपण जो गुलाब वाढवितो त्याचा वंश या समजुतीत कितपत बसतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा पुरावा घेऊ. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘शतपत्री’ व ‘तरुणी’ ही नावे येतात व टीकाकार त्यांचा अर्थ गुलाब असा करतात. परंतु ‘शतपत्र’ हे कमळाचेही नाव असल्यामुळे केवळ शब्दावरून प्राचीनत्व सिद्ध करणे धोक्याचे आहे. हिमालयात रानगुलाबाच्या जाती स्वाभाविकपणे वाढतात, हे खरे. पण रानात वनस्पती असणे आणि बागेत तिची जोपासना होणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोगल काळातील गुलाबाचे महत्त्व मुख्यतः सुगंधासाठी दिसते. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या मातेस दिले आहे. अत्तराचा हा दमास्क गुलाब प्रायः वसंतातच बहरतो. बारमाही फुलण्याचा गुण त्याच्याकडून आलेला नाही.

तो गुण चीनमधील गुलाबांचा. येथेही नावांनी घोटाळा केला आहे. १७५३ साली लिनीअसने ‘रोझा इंडिका’ हे नाव दिले आणि ते चिनी गुलाबास दीर्घकाळ चिकटून राहिले. फ्रेंचांनी त्यालाच ‘बंगालचा गुलाब’ म्हटले. चीनच्या व्यापारी जहाजांचा मार्ग कलकत्त्यावरून जात असे आणि १७८७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वनस्पति-उद्यानाचाही रोपांच्या या देवघेवीत वाटा होता. वाटेवरच्या मुक्कामालाच जन्मस्थान मानण्याचा हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाही.

१७९० नंतरच्या दशकांत हे गुलाब यूरोपात रुजले. तथापि बारमाही बहराच्या संकरित जाती तत्काळ निपजल्या नाहीत. याचे कारण आनुवंशिक आहे. हा गुण अप्रभावी असल्यामुळे एकबहारी गुलाबाशी झालेल्या संकराच्या पहिल्या पिढीत तो लोपतो व पुढील पिढ्यांत पुन्हा प्रकटतो. फुलोऱ्याला आवर घालणाऱ्या एका जनुकातील बिघाड त्याच्या मुळाशी आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. १८१७ च्या सुमारास रीयुनियन बेटावर, ज्याला पूर्वी बूर्बाँ म्हणत, दमास्क व चिनी गुलाबांचा नैसर्गिक संकर आढळला. तेथून बूर्बाँ गुलाबांचा वंश निघाला. आपल्याकडे खुंटासाठी वापरला जाणारा ‘एडवर्ड’ गुलाब याच गोतावळ्यातील मानला जातो. पुढे १८६७ मध्ये गीयोने ल्याँ येथे ‘ला फ्रान्स’ ही जात निपजविली आणि आधुनिक गुलाबाचे युग तेव्हापासून मोजण्याचा प्रघात पडला.

हा इतिहास घरच्या बागेतील नित्यकर्मांतही उतरला आहे. बारमाही गुलाबाच्या नव्या फुटीच्या टोकाशी फूल येते. म्हणून पावसाळा सरल्यावर, साधारणतः ऑक्टोबरात, छाटणी केली की सहा-सात आठवड्यांत बहर येतो, आणि सुकलेली फुले खुडीत राहिल्यास फुलणे चालू राहते. एकबहारी गुलाब मात्र आदल्या वर्षीच्या काडीवर फुलतो. त्याची अशी छाटणी केल्यास त्या वर्षीचा बहरच गमवावा लागतो. ‘आमचा गुलाब रानटी झाला’ ही तक्रारही याच प्रकारची आहे. डोळा भरलेल्या कलमाच्या खालून खुंटाची फूट येते, ती वेळीच मुळाशी काढली नाही तर मूळ जात निस्तेज होऊन मरते आणि खुंट तेवढा उरतो. झाड बदललेले नसते. त्यात दोन झाडे होती, त्यांतील एक उरलेले असते.

भारतीय हवामानास मानवणाऱ्या जाती येथेच निपजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत डॉ. बी. पी. पाल हे अग्रगण्य होत. त्यांचा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द फारसी, बहराचा गुण चिनी, संकर फ्रेंच आणि खुंट सागरी बेटावरचा, असा हा वंशवृक्ष आहे. कोणत्याही एका राजसत्तेच्या देणगीत तो सामावत नाही. मोगलांचे ऋण सुगंधाच्या बाबतीत मान्य करूनही, आपल्या आळ्यातील गुलाब हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील सागरी व्यापाराचे व प्रयोगशील माळ्यांचे अपत्य होय, असाच निष्कर्ष निघतो.