विंचवाचं विष, 'ती' गोळी आणि आपलं महाड

मंडळी, आजचा विषय चारचौघांत निघत नाही, म्हणून मुद्दाम काढतोय. लिंगताठरतेची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, आणि तिच्या जोडीला जिमवाले घेतात ती आर्जिनिन किंवा सिट्रुलिनची पावडर. दोन्ही एकत्र घेतलं की 'डबल पॉवर', असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर सर्रास फिरतात. हा प्रकार समजून घ्यायला महाड-पोलादपूरच्या माणसाला लांब जायला नको. आपल्याच इतिहासात त्याचा धडा आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावला की माणूस दगावायचा, असा तो काळ. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि पुरुषांमध्ये इच्छा नसताना आलेली ताठरता. ही शेवटची खूण सांगायला कुणालाही संकोच वाटेल. डॉक्टरांनी ती स्वच्छ लिहिली आणि १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. विष हृदयावर जाणार, याची ती आगाऊ सूचना होती.

या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी होतं. बावस्करांनी प्राझोसिन वापरलं, म्हणजे वाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची साधी गोळी. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट आपण विसरतो. प्राझोसिन दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं आणि दाब मोजत राहायचं. कारण वाहिन्या प्रमाणाबाहेर सैल झाल्या तर दाब धाडकन खाली येतो. सैल करणारं औषध जीव वाचवतं ते मोजून दिलं म्हणून.

आता 'ती' गोळी. इंग्लंडमध्ये फायझर कंपनी छातीतल्या दुखण्यावर औषध शोधत होती. चाचण्यांमध्ये भलताच परिणाम दिसला, आणि १९९८ साली अमेरिकेत सिल्डेनाफिलला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साईडच्या शोधासाठी तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. हा वायू आपलं शरीर आर्जिनिनपासून बनवतं. त्याच्यामुळे वाहिन्या सैल करणारं एक रसायन तयार होतं, आणि सिल्डेनाफिल त्या रसायनाचा नाश रोखतं. टाकीचं उदाहरण घ्या. पावडर नळ सोडते, गोळी खालची मोरी बुजवते. टाकी भरणार हे खरं, पण ओसंडूही शकते.

जोडीचा थोडा फायदा काही छोट्या अभ्यासांत दिसलाय, खोटं कशाला बोलू? पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, निवडक रुग्णांवर झाले. शिवाय पोटात घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतड्यात आणि यकृतातच संपतं. आणि 'नैसर्गिक आहे, काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी २००६ चा एक अमेरिकन अभ्यास. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना सहा महिने आर्जिनिन दिलं. ते घेणाऱ्यांतले सहा जण दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतलं कुणीच नाही. अभ्यास मध्येच थांबवला.

सगळ्यात मोठा धोका सॉर्बिट्रेटचा. जिभेखालची ही गोळी तोच वायू पुरवते. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तासांत किंवा टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तासांत ती घेतली तर जिवावर बेतू शकतं. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर आधी हे सांगा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन किंवा बीपीची औषधं चालू असतील तरीही सांगा. सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही, असा कायदा आहे, तो उगाच नाही.

लाजेचं म्हणाल, तर १९२७ आठवा. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्व्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. १९३४ साली त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. लोक प्रश्न विचारतात, तर उत्तर देणं गुन्हा कसा, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत, कर्वे गेले तोवर, चाललं.

ज्या गावाला बाबासाहेबांचा वारसा आहे आणि जिथे एका डॉक्टरने लाजेची खूण लिहून माणसं वाचवली, तिथल्या पुरुषांनी हा प्रश्न व्हिडिओवाल्याला विचारावा? ताठरतेची तक्रार ही कित्येकदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली घंटा असते. पावडरीने ती फक्त ऐकू येईनाशी होते. डॉक्टरकडे जा, घेताय ते सगळं टेबलावर ठेवा आणि तोंडाने विचारा.