गांधीजींचे आहारव्रत आणि भोवतालची माणसे

अन्नाविषयी नवा पंथ धरणारा माणूस घरात निघाला, म्हणजे त्या घराचे स्वास्थ्य नाहीसे होते. कोणी मीठ सोडतो, कोणी धान्य वर्ज्य करतो, कोणी केवळ फळांवर महिनेच्या महिने काढतो. गालफडे बसली, चालताना पाय लटपटू लागले, तरी आपले शरीर शुद्ध होत आहे अशी त्याची खात्री असते. आणि त्याचे ताट वाढणाऱ्या माणसाच्या घशाखाली मात्र घास उतरत नाही. असा एखादा भाऊ, मामा किंवा मुलगी आमच्या कित्येक वाचकांच्या घरी असेल. या विषयाचा इतिहास लिहू जाता एक अडचण पदोपदी जाणवते. प्रयोग करणारे आपले अनुभव मोठ्या हौसेने लिहून ठेवतात. काळजी करणारे काहीच लिहीत नाहीत. चुलीपाशी झालेल्या रदबदलीची टिपणे कोण ठेवणार?

या बाबतीत गांधीजींचे आत्मचरित्र हा मोठाच अपवाद आहे. आपल्याला ज्यांनी विरोध केला त्यांचे म्हणणेही त्यांनी इतक्या प्रांजळपणे नोंदवले आहे, की त्यांच्या आहारप्रयोगांच्या कथेतून त्या प्रयोगांनी हैराण झालेल्या माणसांचीही कथा वाचता येते. आम्हाला येथे ही दुसरी कथा सांगावयाची आहे. तिच्यातील काही माणसे आपल्या महाराष्ट्रातील आहेत, हेही एक निमित्त.

विद्यार्थी म्हणून लंडनात असतानाच गांधीजींना आहारसुधारणेच्या वाङ्मयाची गोडी लागली. हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तकाने ते विचारपूर्वक शाकाहारी झाले. पुढे लुई कूने यांचे जलोपचार आणि आडोल्फ युस्ट यांचे मातीचे उपचार यांवर त्यांचा विश्वास बसला. युरोपात त्या काळी अशा निसर्गोपचारकांचा मोठाच सुकाळ होता, आणि यंत्रयुगाला विटलेल्या सुशिक्षितांना त्यांची भाषा मोह घाली. गांधीजींनी तिच्यात आपल्याकडील व्रताची कल्पना मिसळली, आणि तेथूनच भोवतालच्या माणसांची खरी अडचण सुरू झाली. पथ्य वैद्याच्या सांगण्यावरून मोडता येते. व्रत मोडणे म्हणजे पाप. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी व हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. दूध विकारांस चेतवते असे त्यांचे मत पूर्वीच झाले होते; त्यातच अधिक दूध काढण्यासाठी गाईम्हशींवर 'फुंका' या नावाने जो क्रूर प्रकार केला जाई, त्याचे वर्णन त्यांच्या वाचनात आले. पाठोपाठ धान्यही गेले, आणि शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे व ऑलिव्हचे तेल एवढ्यावर गाडी आली.

हा आहार घेऊनच ते १९१४ च्या ऑगस्टात लंडनला पोहोचले. नामदार गोखल्यांना भेटण्यासाठी ते मुद्दाम तेथे गेले होते. गोखले मधुमेहाने जर्जर झालेले. त्यांचे स्वतःचे खाणेपिणे डॉक्टरांच्या आज्ञेत. थोड्याच दिवसांत गांधीजींना प्लुरसीने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने, गाठले. उपचार करणारे डॉक्टर होते जीवराज मेहता, जे पुढे १९४८ मध्ये बडोदे संस्थानचे दिवाण आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. दूध आणि धान्य घ्या, असा त्यांनी धोशा लावला. रोगी ऐकेना, तेव्हा गाऱ्हाणे गोखल्यांच्या कानी गेले.

गांधीजी ज्यांना गुरू मानीत त्यांचाच शब्द आता आडवा आला. फलाहाराच्या तत्त्वज्ञानात गोखल्यांना काडीचाही रस नव्हता. डॉक्टर सांगतील ते खावे, इतका त्यांचा सरळ आग्रह. गांधीजींनी विचारासाठी चोवीस तास मागून घेतले. रात्रभर मनाची उलघाल झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की, इतर सर्व बाबतींत मी डॉक्टरांचे ऐकेन. पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस यांना मात्र प्राण गेला तरी शिवणार नाही. गोखल्यांनी आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखवली; यात मला धर्म काही दिसत नाही, असेही सुनावले. पण त्यापुढे त्यांनी जे केले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. त्यांनी आग्रह तेथेच थांबवला, आणि डॉक्टरांना सांगितले की, याने आखलेल्या मर्यादेत जे देता येईल ते द्या, याला अधिक छळू नका.

त्या आजारात इतरांनीही कमी खटपट केली नाही. लेडी सिसिलिया रॉबर्ट्स या बाईंनी दुधाला पर्याय शोधण्याचा ध्यास घेतला. कोणी तरी 'माल्टेड मिल्क'चे नाव सांगितले. त्यात दूध नसते अशा समजुतीने त्यांनी ते आणून दिले. गांधीजींनी चमचाभर चाखले, चवीवरून शंका आली म्हणून बाटलीवरील कागद वाचला, तो ते दुधाच्याच भुकटीचे! बाईंना फार वाईट वाटले. आजाऱ्यासाठी धावपळ करावी आणि नकळत त्याच्या व्रतालाच धक्का लावावा, ही चुटपुट ज्यांनी अशी शुश्रूषा केली आहे त्यांनाच कळेल. अखेरीस शाकाहारी डॉक्टर ॲलिन्सन यांचा सल्ला चालला. कोंड्यासह दळलेल्या पिठाची भाकरी, कच्च्या भाज्या, संत्री आणि चोवीस तास उघड्या खिडक्या, असा त्यांचा उपाय. खिडक्यांतून पाऊस आत येई, म्हणून त्या अर्धवट उघड्या ठेवून वरच्या झरोक्याच्या काचा गांधीजींनी फोडून घेतल्या. दुखणे पुरते हटले नाही. डिसेंबरात त्यांनी इंग्लंड सोडले.

गोखल्यांच्या बाबतीत आणखी एक प्रसंग आहे. १९१५ च्या फेब्रुवारीत पुण्यास भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांनी गांधीजींसाठी स्नेहसंमेलन योजले. फराळाला काय? तर शेंगदाणे, खजूर आणि ताजी फळे. ज्या आहाराविरुद्ध लंडनात इतका वाद घातला तोच त्यांनी पाहुण्याच्या मानासाठी सर्वांच्या पुढे मांडला. स्वतः त्यांची चालण्याचीही शक्ती नव्हती. तरी ते आले, आणि घेरी येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर, समारंभ चालू ठेवा, असा त्यांनी निरोप पाठवला. १९ फेब्रुवारीस त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे.

गोखल्यांनी जे सौजन्याने केले ते कस्तुरबांना अनुभवाने शिकावे लागले, असा आमचा तर्क आहे. दक्षिण आफ्रिकेतील एक हकीकत त्यास आधारभूत होते. कस्तुरबांच्या रक्तस्रावाच्या दुखण्यात गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्यास सांगितले. त्या कंटाळून म्हणाल्या की, कोणी सांगितले तर तुमच्याने तरी या वस्तू सुटतील काय? बोलून चुकल्या मात्र; गांधीजींनी तत्काळ वर्षभरासाठी दोन्ही वस्तू सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबांनी क्षमा मागितली, मी सोडते पण तुम्ही आपला शब्द मागे घ्या म्हणून विनवले, अश्रू ढाळले. शब्द मागे घेतला गेला नाही. हट्टी माणसाला आव्हान दिले की त्याच्या व्रतांत आणखी एकाची भर पडते, हे त्या माउलीने तेव्हाच ओळखले असावे.

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामासाठी गांधीजी उन्हातान्हातून पायी हिंडत होते. आहार मुख्यतः भुईमुगाचे लोणी आणि लिंबू. पोट बिघडले, आमांशाची लक्षणे दिसू लागली. लंघन करून ते बरे करावे असा त्यांचा बेत होता. त्या दिवशी आश्रमात सण होता. कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी केली, मूग शिजवले. त्या लापशीत तूप नव्हते, तेल होते, कारण तूप व्रतात बसत नव्हते. ही एवढीशी गोष्ट फार बोलकी आहे. पतीच्या व्रतावर त्यांचा विश्वास असो वा नसो, स्वयंपाक करताना त्यांनी ते पाळले होते. गांधीजींनी त्यांचे मन राखण्यासाठी, आणि जिभेच्या लोभानेही असे ते स्वतःच सांगतात, भरपूर खाल्ले. तासाभरात आमांश उसळला. त्याच स्थितीत ते नडियादला गेले. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचास जावे लागे. औषध आणि टोचणी दोन्ही नाकारली. गांधीजी दोष स्वतःकडे घेतात. परंतु आपण प्रेमाने वाढलेल्या ताटाने माणूस मरणाच्या दारी गेला, हे पाहणाऱ्या बाईच्या मनाचे काय झाले असेल? त्याविषयी कोठेही एक अक्षर नाही.

प्रकृती इतकी ढासळली की मरण जवळ आले असे रोग्यालाच वाटू लागले. अशा वेळी तळवलकरांनी आणखी एक गृहस्थ आणून उभे केले. हे केळकर म्हणून महाराष्ट्रीय. ग्रँट मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम बहुतेक पुरा करून पदवी न घेतलेले, स्वतंत्र आणि हेकट स्वभावाचे. सर्वांगास बर्फ लावण्याच्या उपचारावर त्यांची अशी निष्ठा, की 'बर्फाचे डॉक्टर' हेच त्यांचे नाव पडले होते. एका हट्टी माणसास दुसरा तसाच भेटला, आणि काय आश्चर्य, थोडा गुणही आला! मात्र अंडी घ्या, निर्जीव अंड्यात हिंसा नाही, हे केळकरांचे म्हणणे मान्य झाले नाही. नंतर हवापालटासाठी माथेरानची निवड झाली; पण तेथील जड पाणी मानवले नाही. आमांशामुळे गुदद्वाराशी चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेदनेच्या भयाने खाणेच नकोसे झाले. आठवड्याच्या आत माथेरान सोडावे लागले.

मुंबईत शंकरलाल बँकर यांनी पालकत्व पत्करून डॉक्टर दलालांना बोलावले. १९१९ च्या आरंभीची ही गोष्ट. दलालांनी स्पष्ट सांगितले की दुधावाचून हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी नेहमीचे उत्तर दिले, आणि गाईम्हशींवरील क्रौर्यामुळे आपण दुधाची शपथ घेतली आहे, हे विवरून सांगितले. कस्तुरबा खाटेशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या की, असे असेल तर शेळीच्या दुधाला हरकत कसली? डॉक्टरांनी तो धागा लगेच उचलला. गांधीजी नमले.

या प्रसंगाकडे पुष्कळ लोक गमतीदार वाक्चातुर्य म्हणून पाहतात. आम्हाला तसे वाटत नाही. 'व्रत मोडा' असे कस्तुरबांनी म्हटलेच नाही; मीठ आणि डाळीचा प्रसंग त्या विसरल्या नसाव्यात. त्यांनी व्रताचे शब्द नीट ऐकून घेतले आणि त्या शब्दांतच दार शोधले. विद्वान डॉक्टरांना आणि गोखल्यांसारख्या मुत्सद्द्यालाही जे साधले नाही, ते साधले ते चार वाक्ये लक्षपूर्वक ऐकल्याने. गांधीजींना मात्र ही तडजोड जन्मभर सलत राहिली. व्रताचे अक्षर राखले, आत्मा गमावला, असे त्यांनी लिहून ठेवले. ते खरेही असेल. पण दुधाने शक्ती आली, दलालांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली, आणि त्याच वर्षी रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह उभा राहिला. १९२४ साली बेळगावास काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसलेला पुरुष शेळीच्या दुधावर पोसलेला होता.

आजच्या ज्ञानाने पाहता डॉक्टरांचा हेका निराधार नव्हता. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. ते वेगळे काढण्यात यश आले १९४८ मध्ये, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. शरीरात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून केवळ वनस्पतींवर राहणारा माणूस पहिली एकदोन वर्षे उत्तम वाटते असे सांगतो, आणि घरच्यांना वेड्यात काढतो. आज हे जीवनसत्त्व गोळीच्या रूपात मिळते. दूध सोडणाऱ्याने ते घेतले तर निदान ही एक उणीव भरून निघते. १९१८ साली तशी सोय नव्हती.

गांधीजींना अनुयायांची चिंता मात्र होती. आपल्या सांगण्यावरून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, स्वतःला लाभ दिसत नसेल किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला नसेल तर, तो प्रयोग चालू ठेवू नये, असे त्यांनी आत्मचरित्रातच बजावले. अंथरुणास खिळलेल्या माणसाला दुधासारखा हलका आणि पौष्टिक आहार दुसरा नाही, हीही कबुली तेथे आहे. तरी १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा मांडलाच. भिजवून मोड आणलेले गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबू आणि मध. आश्रमातील काहीजण त्यात सामील झाले. काही महिन्यांत पोट बिघडून अशक्तता आली आणि तो सोडावा लागला.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर लहानसे पुस्तक लिहिले. शाकाहाराला दुधाची जोड हवी, हा अनुभवाने शिकलेला धडा त्यात त्यांनी नमूद केला; १९१८ च्या दुखण्याची आणि आपल्या हट्टाची हकीकतही सांगितली. कस्तुरबा त्या वेळी त्याच राजवाड्यात होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. शेळीचे दूध गांधीजींच्या आहारात अखेरपर्यंत राहिले.