पदक ते पट्टा : विजेंदर सिंगचा व्यावसायिक मुष्टियुद्धातील प्रवास

ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या ७५ किलो वजनगटात भारताच्या विजेंदर सिंगने गांबियाच्या बादू जॅकचा पहिल्याच फेरीत १३-२ असा पराभव केला, तेव्हा या लढतीत काही विशेष घडले असे कोणालाही वाटले नाही. विजेंदर पुढे सरकत गेला आणि भारतीय मुष्टियुद्धाला पहिलेवहिले ऑलिंपिक पदक मिळवून देऊनच मायदेशी परतला. जॅकचे नाव निकालाच्या तक्त्यात राहून गेले. एप्रिल २०१५ मध्ये मात्र याच जॅकने शिकागो येथे अँथनी डिरेलला नमवून डब्ल्यूबीसी या संघटनेचा सुपर मिडलवेट गटाचा जागतिक किताब पटकावला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०१५ मध्ये, विजेंदरने आपल्या पहिल्या व्यावसायिक करारावर स्वाक्षरी केली. एक जगज्जेता झाला होता, दुसरा उमेदवारीला सुरुवात करीत होता.

हा विरोधाभास समजून घ्यायचा तर हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे दोन वेगळे खेळ आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. बीजिंगमध्ये दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत, म्हणजे सारा सामना आठ मिनिटांत संपत असे. डोक्यावर संरक्षक शिरस्त्राण असे. रिंगभोवती बसलेल्या पाच पंचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले, तरच ठोशाला गुण मिळे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सवर झालेल्या उघड अन्यायानंतर ही संगणकीय पद्धत आणली गेली आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून ती ऑलिंपिकमध्ये रूढ झाली. तिचा एक अटळ परिणाम झाला. जोरदार ठोशापेक्षा पंचांना स्पष्ट दिसणाऱ्या ठोशाला किंमत आली. लांबून सरळ जॅब मारावा, गुण घ्यावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्याबाहेर निघून जावे, हे या काळाचे शास्त्र होते. उंचापुरा, चपळ विजेंदर त्यात पारंगत होता. बरगड्यांवर, पोटावर मारलेले ठोसे बहुधा मोजलेच जात नसत.

व्यावसायिक रिंगमध्ये नेमके तेच ठोसे सामन्याचा निकाल लावतात. तेथे फेरी तीन मिनिटांची असते. नवोदिताला चार किंवा सहा फेऱ्यांपासून सुरुवात करता येते, पण जागतिक किताबासाठी बारा फेऱ्या खेळाव्या लागतात. शिरस्त्राण नसते. पहिल्या फेरीत पोटावर बसलेल्या ठोशाची किंमत आठव्या फेरीत वसूल होते. प्रत्येक फेरीचा निकाल दहा गुणांच्या पद्धतीने स्वतंत्रपणे ठरतो. त्यामुळे दम राखणे, कधी प्रतिस्पर्ध्याला बिलगून वेळ काढणे, भुवईवरची जखम सांभाळीत लढत राहणे, या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

‘हौशी’ हा शब्दही आपल्याकडे तसा फसवाच. हरियाणातील भिवानीजवळच्या काळुवास गावात, राज्य परिवहनच्या बसचालकाच्या घरी १९८५ मध्ये जन्मलेल्या विजेंदरसाठी मुष्टियुद्ध ही हौस कधीच नव्हती. प्रशिक्षक जगदीश सिंग यांच्या भिवानी बॉक्सिंग क्लबमध्ये येणाऱ्या मुलांपुढे सरकारी नोकरीचे उद्दिष्ट असे आणि क्रीडा कोट्यातून ती मिळवण्याचा मार्ग पदकांवरून जात असे. २००४ मध्ये अथेन्सला विजेंदर पहिल्याच फेरीत हरला. २००६ मध्ये त्याने मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि दोहाच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. बीजिंगनंतर २००९ मध्ये मिलान येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळाले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या क्रमवारीत तो आपल्या गटात अव्वल ठरला, आणि २०१० च्या ग्वांग्झू आशियाई स्पर्धेत त्याने उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएव्हला अंतिम फेरीत ७-० असे हरवून सुवर्ण जिंकले. हरियाणा पोलिसांत उपअधीक्षकपद, खेलरत्न, पद्मश्री असे सारे काही पदरात पडले होते. अशा वेळी व्यावसायिक होणे म्हणजे ऑलिंपिकचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करणे, कारण तेव्हाच्या नियमांनुसार परतीची वाट नव्हती. त्याने तसे केले नाही, यात नवल नाही. पण मुष्टियोद्ध्याची उमेदीची वर्षे फार थोडी असतात.

बीजिंगमधील त्याच गटातील इतरांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सुवर्णविजेता ब्रिटनचा जेम्स डीगेल फेब्रुवारी २००९ मध्येच व्यावसायिक झाला आणि मे २०१५ मध्ये आयबीएफचा जगज्जेता ठरला. ऑलिंपिक सुवर्णानंतर व्यावसायिक जागतिक किताब मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. विजेंदरबरोबर कांस्यपदक मिळवणारा आयर्लंडचा डॅरेन सदरलँडही लगेच त्या वाटेने गेला. पहिल्या चारही लढती त्याने जिंकल्या, परंतु सप्टेंबर २००९ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. विजेंदरला उपांत्य फेरीत ८-५ असे हरवणारा क्युबाचा एमिलिओ कोरेया याच्यापुढे तर पर्यायच नव्हता. क्युबाने १९६२ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर घातलेली बंदी थेट २०२२ मध्ये उठली. आणि जॅक? त्याने २००९ मध्ये सुरुवात केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेरेक एडवर्ड्सने त्याला पहिल्याच फेरीत पाडले. ऑलिंपिकमध्ये असा पराभव म्हणजे चार वर्षांचा वनवास; व्यावसायिक विश्वात जॅक चौदा महिन्यांत जगज्जेता झाला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये ब्रुकलिनमध्ये जॅक आणि डीगेल एकमेकांपुढे उभे राहिले आणि बारा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली.

विजेंदरच्या निर्णयाला २०१२ नंतरच्या घडामोडींची पार्श्वभूमी आहे. लंडन ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत अतोएव्हने १७-१३ असा हिशेब चुकता केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय महासंघावर आंतरराष्ट्रीय संघटनेने निलंबनाची कारवाई केली आणि देशातील खेळाचा कारभार विस्कटला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्यपदक हे त्याचे अखेरचे मोठे हौशी यश. १९९० च्या दशकात देवराजन, धर्मेंद्रसिंह यादव अशा काही भारतीयांनी इंग्लंडमध्ये व्यावसायिक रिंग अजमावली होती, पण ती वाट पुढे रुळली नाही. विजेंदरने फ्रँक वॉरन या मातब्बर ब्रिटिश प्रवर्तकाशी करार केला आणि मँचेस्टरमध्ये ली बिअर्ड यांच्या हाताखाली सरावाला सुरुवात केली.

१० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टरमध्ये सनी व्हायटिंगविरुद्ध त्याचे पदार्पण झाले. तिसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तिशी पूर्ण व्हायला तेव्हा काही दिवसच उरले होते. नंतरचे पाच प्रतिस्पर्धीही सामना पुरा करू शकले नाहीत. हे विजय जितके नेत्रदीपक होते तितके कठीण नव्हते, हे मान्य करायला हवे. नवोदिताची विजयांची नोंद वाढावी, तिकिटे खपावीत आणि धोका मर्यादित राहावा, असे प्रतिस्पर्धी निवडणे हे व्यावसायिक मुष्टियुद्धातील स्वतंत्र कसब आहे आणि जगभर ते असेच चालते. येथे स्पर्धेचा तक्ता नसतो. कोणाशी, कधी, कोठे लढायचे हे करार ठरवतात.

खरी परीक्षा १६ जुलै २०१६ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झाली. वेल्सच्या केरी होपविरुद्ध विजेंदर प्रथमच पूर्ण दहा फेऱ्या खेळला आणि तिन्ही पंचांचा कौल मिळवून डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब जिंकला. डिसेंबरमध्ये टांझानियाच्या फ्रान्सिस चेकाला तिसऱ्या फेरीतच हरवून त्याने तो राखला. मुंबईकरांना त्याची सर्वांत चुरशीची लढत पाहायला मिळाली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीने त्याला शेवटपर्यंत झुंजवले. पंचांचे कौल ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असे निसटते होते. डोकलामच्या तणावाचे ते दिवस. जिंकलेला पट्टा शेजारधर्म म्हणून परत देण्याची तयारी विजेंदरने रिंगमधूनच जाहीर केली. बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठलेले अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे त्याचे जुने सहकारीही त्याच रात्री व्यावसायिक झाले.

त्यानंतर लढती विरळ होत गेल्या. २०१८ मध्ये एकही झाली नाही. २०१९ मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेची निवडणूक लढवून हरल्यावर त्याने नेवार्क आणि दुबई येथे विजय मिळवले. मग सोळा महिन्यांच्या खंडानंतर, १९ मार्च २०२१ रोजी, पणजीत एका कॅसिनो जहाजाच्या छतावर उभारलेल्या रिंगमध्ये रशियाच्या अर्तीश लोपसानने पाचव्या फेरीत त्याला हरवले. व्यावसायिक कारकिर्दीतला हा पहिला पराभव पस्तिसाव्या वर्षी आला. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला घानाच्या एलिआसू सुलेला दुसऱ्याच फेरीत गारद केल्यावर त्याची नोंद चौदा लढती, तेरा विजय अशी झाली. त्यांत जागतिक किताबाची लढत एकही नव्हती.

दरम्यान नियम बदलले. २०१६ पासून व्यावसायिकांना ऑलिंपिक खुले झाले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकलेला विकास कृष्णन टोकियो ऑलिंपिकसाठी हौशी रिंगमध्ये परतू शकला. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत वादग्रस्त निकालाने बाहेर पडलेला हरियाणाचाच निशांत देव तर पुढच्या ऑलिंपिकसाठी थांबलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला पहिल्याच फेरीत जिंकून त्याने व्यावसायिक कारकीर्द सुरू केली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.