गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेन : एका भेदाचा इतिहास

सांध्यातील कूर्चा एकदा झिजली की पुन्हा पूर्ववत होत नाही, हे निरीक्षण विल्यम हंटर याने इ. स. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडिले. या ऊतकात रक्तवाहिन्या नसतात, हे त्याचे कारण पुढे सामान्यतः दिले जाऊ लागले. ते खरे असले तरी अपुरे आहे. कूर्चा कोणत्या द्रव्याची घडलेली आहे, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून हंटरच्या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ लागणे शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकात योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने कूर्चा उकळून मिळणारा सरस हाडांच्या सरसाहून निराळा असल्याचे प्रतिपादन केले व त्यास ‘कॉन्ड्रिन’ हे नाव दिले. परंतु त्याच शतकाच्या उत्तरार्धात कॉन्ड्रिन हे स्वतंत्र द्रव्य नसून सरस आणि शर्करायुक्त अम्लद्रव्ये यांचे मिश्रण आहे, असे दिसून आले. त्यामुळे त्वचा, अस्थी, कंडरा आणि कूर्चा या सर्वांत कोलॅजेन एकच, हा समज रूढ झाला. मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या परस्परांभोवती पिळलेल्या असतात व प्रत्येक तिसऱ्या स्थानी ग्लायसीन असते, असे दाखविले. या रचनेने कोलॅजेनचे सामान्य लक्षण निश्चित झाले. त्याचे पोटभेद मात्र अद्याप अज्ञातच होते.

अडचण मुख्यतः द्रावणाची होती. कूर्चेतील तंतू आडव्या बंधांनी असे जखडलेले असतात की त्यांतील प्रथिन अखंड स्थितीत विरघळवून काढणे दुष्कर ठरते. अमेरिकेत एडवर्ड मिलर व व्हिक्टर मॅटुकस यांनी हे बंध निर्माण होऊ न देणारे द्रव्य कोंबडीच्या पिलांना देऊन त्यांच्या उरोस्थीच्या कूर्चेतून कोलॅजेन मिळविले. त्यात त्वचा अथवा अस्थी यांत न आढळणारी साखळी असल्याचे त्यांनी १९६९ मध्ये जाहीर केले. त्वचेच्या व अस्थीच्या कोलॅजेनमध्ये दोन साखळ्या समान व तिसरी भिन्न असते. कूर्चेच्या कोलॅजेनमध्ये तिन्ही समान असतात, हे १९७१ पर्यंत सिद्ध झाले. पहिल्यास ‘प्रकार १’ व दुसऱ्यास ‘प्रकार २’ ही नावे मिळाली. म्यूलरचा पुरावा चुकीचा ठरला होता, तथापि त्याचा निष्कर्ष अशा प्रकारे निराळ्या मार्गाने खरा ठरला.

सांध्याच्या कूर्चेतील कोलॅजेनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग प्रकार २ चा असतो. त्यानंतरच्या दोन दशकांत अल्पांशाने असणारे इतर प्रकारही उघडकीस आले. प्रकार ११ तंतूंच्या अंतर्भागी राहून त्यांची जाडी मर्यादित राखतो. प्रकार ९ तंतूंच्या पृष्ठभागी जोडलेला असतो. प्रकार ६ पेशींच्या सभोवती आढळतो. तर प्रकार १० अस्थीलगतच्या चुनामय थरात असतो. याच गुडघ्यातील अर्धचंद्राकार कूर्चेत मात्र प्रामुख्याने प्रकार १ असतो. तिला ताण सोसावा लागतो, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व लवकरच ध्यानी आले. कूर्चापेशी काचपात्रात पसरून वाढविल्या असता त्या प्रकार २ ऐवजी प्रकार १ तयार करू लागतात, असे १९७७ मध्ये दिसून आले. गुडघ्यातील खोल जखम भरून येते तेव्हाही तेथे बहुधा प्रकार १ चे प्राबल्य असलेले तंतुमय ऊतक तयार होते व ते मूळ कूर्चेइतके टिकत नाही. स्वीडनमध्ये १९९४ साली २३ रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच संवर्धित कूर्चापेशींचे रोपण केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या प्रयत्नाची खरी कसोटी खड्डा भरला की नाही ही नसून, तो कोणत्या कोलॅजेनने भरला ही होती.

१९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. त्याचा कालमापक म्हणून उपयोग करून २०१६ मध्ये मानवी गुडघ्यातील कूर्चेचे परीक्षण करण्यात आले. प्रौढपणी तेथील कोलॅजेनची नवनिर्मिती जवळजवळ होतच नाही, निरोगी सांध्यात नाही आणि झिजलेल्या सांध्यातही नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. बाल्य व तारुण्याच्या आरंभी विणले गेलेले हे जाळे मनुष्यास आयुष्यभर पुरवावे लागते. हंटरने जे पाहिले, त्याचे कारण केवळ रक्ताच्या अभावात नाही; ते या तंतूंच्या प्रकारात आणि ते पुन्हा विणले न जाण्यात आहे.