संत्र्याच्या सालीवरचं औषध ओळखणारे सोन्याचे कण : काय आहे हे तंत्रज्ञान?

वरूड-मोर्शीचा संत्रा असो की अकोटचा कापूस, फवारणी चुकत नाही. पण फळावर कोणतं औषध उरलंय, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहावी लागते. हीच तपासणी जागेवर व्हावी म्हणून जगभरात सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन सुरू आहे.

काम कसं चालतं?
लेझरचा प्रकाश पदार्थावर टाकला की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. सर सी. व्ही. रामन यांचा हा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. म्हणूनच त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. प्रत्येक रसायनाचा हा बदल वेगळा, जणू अंगठ्याचा ठसा. अडचण एवढीच, की हा प्रकाश फार मंद असतो.

१९७४ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात खडबडीत चांदीवर चिकटलेल्या रसायनाचा ठसा ठळक दिसला. चांदी किंवा सोन्याच्या नॅनो आकाराच्या उंचवट्यांवर प्रकाश पडला, की जवळच्या रेणूचा ठसा लाखो पट ठळक होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

२०१० मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी सिलिकाचा पातळ थर दिलेले सोन्याचे कण संत्रावर्गीय फळाच्या सालीवर पसरून पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखून दाखवलं.

घरोघरी पोचलेला सोन्याचा कण
गर्भधारणा तपासणीच्या बऱ्याच पट्ट्यांवरची लाल रेघ सोन्याच्या सूक्ष्म कणांचीच असते. कणांना लावलेली अँटिबॉडी लघवीतलं हार्मोन पकडते. इथे लेझर लागत नाही.

आपल्याकडे महत्त्व काय?
२०१७ मध्ये यवतमाळसह विदर्भात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी विष कोणतं, हे डॉक्टरांना लवकर कळणं गरजेचं असतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात; पण प्रत्येक विषावर तोच उपाय चालत नाही.

अडचणी
धूळ, सालीवरचं मेण आणि एकत्र मिसळलेली औषधं यांमुळे ठसा गोंधळतो. यंत्रही महाग आहे.

तोवर हे करा
- लेबलवर दिलेले फवारणी ते तोडणीमधले दिवस पाळा.
- फवारणीनंतर मळमळ, खूप घाम, लाळ किंवा अंधुक दिसणं जाणवलं तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.
- औषधाचा डबा किंवा लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्या. विषाचं नाव डॉक्टरांना तिथूनच सगळ्यात लवकर कळतं.