वरळीच्या चाळी : बातमीबाहेरचा इतिहास

मुंबईच्या समुद्रकाठाचा इतिहास लिहायचा म्हटला की आपले अभ्यासक किल्ला, बंदर, गव्हर्नर आणि भराव यांपासून प्रारंभ करतात. वरळीपुरते बोलायचे तर हे सगळे तिथे आहे. उत्तर टोकाला किल्ला आणि कोळीवाडा आहे. दक्षिणेला समुद्राचे खिंडार बुजवणारा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हॉर्नबी वेलार्ड आहे. पण या दोहोंच्या मध्ये बी.डी.डी.च्या १२१ चाळी उभ्या राहिल्या आणि तिथे माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या जन्मल्या, राबल्या आणि मेल्या. या माणसांचा इतिहास कुठे आहे? तो वर्तमानपत्रांत आहे, असे कोणी म्हणेल. वर्तमानपत्रांत तो आहे. पण कसा आणि किती, हाच या लेखाचा विषय आहे.

आधी या चाळींविषयी. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते निघाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चाळींना नाव पडले. एकीकडे बॅकबेचा समुद्र हटवून श्रीमंतांसाठी जमीन काढायची आणि दुसरीकडे कामगारांसाठी स्वस्त खोल्या बांधायच्या, अशी ती दुहेरी योजना होती. खोल्यांचे उद्दिष्ट ५० हजारांचे होते. बांधल्या गेल्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संडास सगळ्यांचे सामायिक. वरळीच्या चाळी बांधून झाल्या, तरी त्यांतल्या कित्येक खोल्या बराच काळ ओस होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. म्हणजे जी इमारत तुरुंग म्हणून चालली, तीच कामगारांचे घर म्हणूनही चालावी, अशी सरकारची समजूत होती! या एका गोष्टीत त्या काळच्या राज्यकर्त्यांचे सगळे गृहनिर्माणशास्त्र सामावले आहे.

पुढे चाळी भरल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत लागली. गिरणीतही त्यांना जात सुटली नाही. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या जागेवर, घेतले जात नसे. १९२८ च्या संपाच्या सुमारास बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. आता विचार करा, ही 'बातमी' किती वर्षे जुनी होती? गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासूनची. ती रोज घडत होती आणि रोज घडत होती म्हणूनच बातमी ठरत नव्हती. प्रस्थापित वृत्तपत्रसृष्टीचा हा नियम आहे. आपल्यावर जे नित्य घडते ते तिच्या लेखी घटना नसते. आपण त्याला उत्तर दिले, की मात्र ती घटना होते.

या नियमाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९७४ चा जानेवारी. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तिच्यावर बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, पोलिसांचा लाठीमार झाला आणि वरळी पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा बळी घेतला. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीबारात गेले. दंगलीचे लोण नायगावपर्यंत पोहोचले. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला आणि १९७६ मध्ये त्याचा अहवाल आला. आज कोणत्याही ग्रंथालयात वरळीच्या चाळींविषयी काही शोधा. हाताला लागेल ते हेच. या हुतात्म्यांचे स्मरण आपण ठेवलेच पाहिजे. पण चौकशी आयोगाला जे विचारायला सांगितलेले असते तेच तो विचारतो. दगड कोणी मारला, पोलीस केव्हा आले, गोळी का सुटली. त्या रात्री चूल पेटली का, पाळीला जाणारा कामगार कोणत्या वाटेने गेला, कालपर्यंत एका नळावर पाणी भरणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी एकमेकींशी काय बोलल्या, हे तो विचारत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांच्या वस्तीची ओळख काही आठवड्यांच्या दंगलीवरून ठरली. ज्या ठिकाणी जवळजवळ पावणेदहा हजार खोल्यांत माणसे नांदत होती, ते ठिकाण बाहेरच्यांना फक्त 'तंग वातावरणाचे' म्हणून ठाऊक झाले.

मग वस्तीची स्वतःची बातमी कशी फिरत होती? ती फिरत होती, आणि जोमाने फिरत होती. पहिले साधन अर्थातच आपली पत्रे. 'मूकनायक' १९२० मध्ये निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये आणि 'प्रबुद्ध भारत' १९५६ मध्ये. या पत्रांची थोरवी आपण अग्रलेखांवरून सांगतो. पण चाळीतल्या माणसाला त्यांत आपल्या सभेची, आपल्या गावच्या पाणवठ्याची हकीकत छापील अक्षरांत दिसत होती, याचे मोल अग्रलेखाहून कमी नव्हते. ज्याला वाचता येत नव्हते त्याला कोणी तरी वाचून दाखवी. दुसरे साधन जलसा. तिसरे, गावकीचे मुंबई मंडळ. गावातला मृत्यू, जमिनीचा तंटा, लग्नाची बोलणी हे सगळे मंडळाच्या बैठकीत येई. चौथे, चाळीच्या जिन्याखालचा फळा आणि पाचवे, पाण्याची रांग. या शेवटच्या साधनाला कोणी संपादक नव्हता. पण त्याचा खप सगळ्यांत मोठा होता.

वाचता न येणे ही या वस्तीतली किती मोठी घटना होती, हे वामनदादा कर्डकांच्या आयुष्यावरून कळते. वरळीसारख्याच शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत ते राहत. कोणी एकाने त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. त्यांना ते वाचता आले नाही. ते दुःख त्यांच्या इतके जिव्हारी लागले, की ते अक्षरे शिकले, रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत शिकले आणि पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्यांची गाणी गेली असे लोककवी झाले. एका माणसाला पत्र वाचता आले नाही, ही कोणत्या वर्तमानपत्राची बातमी होईल? आणि तरीही आंबेडकरी चळवळीच्या सांस्कृतिक इतिहासातली ती मोठी घटना आहे.

दुसरे उदाहरण धर्मांतराचे. ७ डिसेंबर १९५६ रोजी, वरळीहून चालत जाता येईल अशा दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी असंख्य लोकांना दीक्षा दिली. हे इतिहासात नोंदले गेले. पण ती माणसे त्या रात्री खोलीवर परतली तेव्हा फळीवरच्या देवांचे काय झाले? म्हातारीने विरोध केला काय? पुढच्या लग्नाच्या पत्रिकेत वरचा मजकूर कसा बदलला, मुलांची नावे कशी बदलली, दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहिले? धर्मांतर चौपाटीवर एका दिवसात झाले. खोलीत ते वर्षानुवर्षे होत राहिले. हा दुसरा इतिहास घरोघरी आहे. तो लिहायला मात्र कोणी बसले नाही.

आणि येथे आपल्याही अभ्यासकांना एक प्रश्न विचारणे भाग आहे. प्रस्थापितांनी आमचे रोजचे जगणे टिपले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आपण तरी काय टिपले? नेत्यांची भाषणे, परिषदांचे ठराव आणि फुटींच्या तारखा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथासाठी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्याच तोंडून हकीकती घेतल्या. तेव्हा कुठे कळले की अर्धी चळवळ आपल्या नोंदीतून सुटली होती. ती वाट दाखवली गेली. त्या वाटेने चालणारे थोडे निघाले.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. म्हणून वर्गात जेव्हा मुले 'आमच्या घरात इतिहासाचे काही नाही' असे सांगतात, तेव्हा त्यांचा संकोच मला कळतो. मी त्यांना घरातली पत्र्याची पेटी उघडायला सांगतो. तीत भाड्याची पावती निघते, जयंतीच्या वर्गणीची पावती निघते, गिरणीचा पास, मंडळाची वही, मनिऑर्डरचे तुकडे, एखादे हँडबिल निघते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे पुस्तकात आहे. त्या वर्षी कोणती भांडी कोणत्या महिन्यात मोडीत गेली, हे वाण्याच्या उधारीच्या वहीत सापडते. दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणजे संप समजतो.

हे आता तातडीने करायला हवे. बी.डी.डी. चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांऐवजी ५०० फुटांचे, संडास आत असलेले घर कोणाला नको? ज्यांनी शंभर वर्षे रांगेत उभे राहून काढली, त्यांना चाळीच्या गोडव्याची गाणी ऐकवणे हा अप्पलपोटेपणा आहे. पण घर बदलताना पहिली टाकली जाते ती जुनी पेटी. फळा जाईल, मंडळाची वही जाईल, आणि रांगेतल्या बातम्या ज्यांनी ऐकल्या ती माणसेही जातील. उरतील ती वर्तमानपत्रे आणि आयोगाचा अहवाल. मग उद्याचा अभ्यासक लिहील, की इथे दंगली करणारे लोक राहत होते.

तसे त्याला लिहू द्यायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. प्रत्येक चाळीतल्या शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने एक वही घालावी. घरातल्या सर्वांत जुन्या माणसापाशी बसावे. नळ कधी आला, पहिला मॅट्रिक कोण झाला, कोणती खोली कोणाला उसनी दिली, जयंतीला पहिला मंडप कुठे पडला, १९७४ मध्ये कोणी कोणाला लपवले, हे त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. कागद असतील त्यांच्या प्रती काढाव्यात. यासाठी विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर आपली बातमी आपणच लिहिली, त्यांच्या नातवंडांना एवढे अवघड जाऊ नये.